आमच्या फियाटमधला चोर

मोटारगाडी बंद पडण्याचे प्रकार अनेक आहेत. पेट्रोल संपले की ती आधी दोनचार आचके देते. टायर बसला की लंगडू लागते. रेडिएटरमधले पाणी आटले की वाफा सोडून भर चौकात आपला संताप जाहीर करते. पण बॅटरी उतरलेली गाडी ह्यांतले काहीच करीत नाही. किल्ली फिरवावी, तर बॉनेटखालून 'टक्' असा एकच आवाज येतो आणि मग सारे शांत. एखाद्या मानी माणसाने प्रश्नाला उत्तर न देता नुसती मान फिरवावी, तसे!

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, रात्री पावणेदोन वाजता, तो 'टक्' मी ऐकला. बाहेर पाऊस कोसळत होता. मागच्या सीटवर आई होती. वय वर्षे ८४. तिला अचानक धाप लागली होती आणि सौ. तिचा हात धरून बसली होती. मी पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा 'टक्'. एकीकडे मोबाइलवरून टॅक्सी बोलावण्याची खटपट चालू होती. पण त्या पावसात एकही चालक यायला राजी होईना. शेवटी तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी अंगातल्या बनियनवरच खाली आले, त्यांनी आपली गाडी काढली आणि आम्ही वेळेवर इस्पितळात पोचलो. चार दिवसांनी आई हसतखेळत घरी आली.

त्या संध्याकाळी चहाचा कप माझ्या हातात देता देता सौ. म्हणाली, "हे बघा, ही गाडी आता दारात नको."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते मला अधिक लागले. मी दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली. तोपर्यंत रोग सापडला तर ठीक. नाही तर भाऊबीज झाली की भंगारवाल्याला बोलावायचे, असे ठरले.

बाबांची गाडी

आमची गाडी १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. पार्ल्यातल्या आमच्या इमारतीच्या आवारात, जांभळाच्या झाडाखाली ती उभी असते. मुंबईकर तिला अजूनही 'फियाट'च म्हणतात आणि त्यात चूकही काही नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९५० नंतरच्या दशकात इटलीच्या फियाट कंपनीच्या ११०० जातीच्या गाड्या तयार होऊ लागल्या. त्यांतल्या पहिल्या गोलमटोल गाडीचे लोकांनी 'डुक्कर फियाट' असे बारसे केले होते, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. पुढे चौकोनी बांध्याची ११०० डी आली आणि १९७० नंतरच्या दशकात तिलाच 'पद्मिनी' हे नाव मिळाले. त्या काळी पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, असा रिवाज होता. बाबांनीही तशीच वाट पाहिली आणि गाडी दारात आली त्या दिवशी आईने तिला आणि बाबांना एकदमच ओवाळले.

ह्या गाड्यांचे उत्पादन २००० सालच्या सुमारास थांबले. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. टॅक्सी गेल्या, आणि त्यांच्या जिवावर जगणारे नाक्यानाक्यावरचे वायरमनही एकेक करून दिसेनासे झाले. आजच्या गॅरेजमधला मुलगा गाडीला संगणक जोडून रोगाचे नाव वाचतो. आमच्या फियाटला संगणक जोडायचा तरी कुठे?

बाबा २००९ साली गेले. तेव्हापासून गाडी माझ्याकडे आहे. रविवारी सकाळी ती धुवावी, जुहूपर्यंत एक फेरी मारून यावे, हा माझा नेम. पण गेली दीड-दोन वर्षे तिला हे नवे दुखणे जडले होते. उन्हाळ्यात बॅटरी आठवडाभर टिके, पावसाळ्यात मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी गाडीचा 'टक्' व्हायचा. शिवाय गाडीत एक उबट, करपट वास येई. तो जुन्या रेक्झिनचा असावा, अशी मी समजूत करून घेतली होती.

उपाय सांगायला माणसे कमी नव्हती. एका दुकानदाराने बॅटरी बदलायला सांगितली, मी बदलली. आठ महिन्यांत तीही गेली. त्याने पुन्हा तेच सांगितले, मी पुन्हा तेच केले. एका गॅरेजवाल्याने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि "काही नाही, तुम्ही चालवत नाही म्हणून उतरते," असे प्रमाणपत्र दिले. थोडक्यात, वर्षभरात माझे नऊ हजार रुपये गेले आणि गाडी होती तिथेच राहिली.

तिजोरी बदलू नका

अखेर कोणीतरी मला चाचांचा पत्ता दिला. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. कुर्ल्याच्या एका गल्लीत त्यांनी चाळीस वर्षे टॅक्सींची वायरिंग केली. आता वय झाले, डोळ्यांत मोतीबिंदू, हात थरथरतात. दुकान केव्हाच बंद झाले आहे. त्यांनी माझी सारी हकीगत शांतपणे ऐकून घेतली आणि एकच प्रश्न विचारला.

"साहेब, घरात रोज चोरी होत असेल तर तुम्ही तिजोरी बदलता की चोर शोधता?"

मी गप्प.

"बॅटरी तिजोरी आहे. तुम्ही दोन तिजोऱ्या बदलल्या. चोर अजून घरातच आहे."

मग त्यांनी मला पहिली परीक्षा सांगितली. तिला एक पानासुद्धा पुरतो. बॅटरी चार्ज करून आणायची, गाडीत ठेवायची, पण ऋण टोकाची, म्हणजे बॉडीला जाणारी तार काढून ठेवायची. चार दिवसांनी तार लावून किल्ली फिरवायची. गाडी सुरू झाली तर बॅटरी निर्दोष आहे आणि चोरी गाडीत होते आहे. तार काढलेली असतानाही बॅटरी उतरली, तर मात्र दोष तिचाच.

बॅटरीतही शॉर्ट होऊ शकतो, हे त्यांनी समजावून सांगितले. १२ व्होल्टच्या बॅटरीत ६ घरे असतात आणि प्रत्येकातून साधारण २.१ व्होल्ट मिळतात. काळाच्या ओघात शिशाच्या पट्ट्यांवरचा लेप झडतो, तळाशी गाळ साचतो आणि एखाद्या घरातल्या धन नि ऋण पट्ट्या त्या गाळातून एकमेकींना भिडतात. मग ते एक घर मरते आणि बॅटरी १०.५ व्होल्टच्या आसपास येऊन बसते. ज्या बॅटरीला बुचे असतात तिचे पाणी हायड्रोमीटरने तपासता येते. भरलेल्या बॅटरीत काटा साधारण १.२५ ते १.२८ दाखवतो. सगळी घरे सारखीच खाली असतील तर बॅटरी नुसती उतरली आहे. पाच घरे ठीक आणि एकच फार खाली असेल, तर समजावे की घरभेदी आतच आहे.

मी चार दिवस तार काढून ठेवली. पाचव्या दिवशी किल्ली फिरवली, आणि इंजिन एका दमात सुरू झाले! बॅटरी निर्दोष सुटली. दोन बॅटऱ्यांवर मी विनाकारण आळ घेतला होता, ह्याची लाज वाटली.

वास्तविक, त्या पहिल्या बॅटऱ्याही चोरीनेच मेल्या होत्या. शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार पार उतरली आणि तशीच पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण थर बसतात. मग कितीही चार्ज करा, तिचे मूळचे बळ परत येत नाही. म्हणजे चोर तिजोरीतले पैसे तर नेतोच, पण जाताना तिजोरीही फोडून जातो.

चोरीचा हिशेब

चाचांचा दुसरा प्रश्न होता, "किती दिवसांत उतरते?" हा प्रश्न मला वायफळ वाटला होता. पण सगळी मेख त्यातच होती.

आमची बॅटरी ४० अँपिअर-तासांची. म्हणजे ढोबळमानाने, तिच्यातून १ अँपिअर करंट घेतला तर ती ४० तास पुरेल. पण सेल्फ मारायला एका क्षणात शंभराहून अधिक अँपिअर लागतात, त्यामुळे बॅटरी अर्ध्याच्या खाली गेली की जुन्या गाडीत ती सेल्फला दाद देत नाही. तेव्हा चोराने २० ते ३० अँपिअर-तास पळवले की 'टक्'!

आता पाहा. ब्रेक लाइटचे २१ वॉटचे दोन बल्ब चुकून पेटते राहिले, तर ते साडेतीन अँपिअर खातात. त्यांना एकच रात्र पुरे. ५ वॉटचा एक बारीक दिवा पेटता राहिला, तर तो ०.४ अँपिअर घेतो. दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास. म्हणजे दोन-तीन दिवस. आमची गाडी पावसाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी बंद पडे. तेव्हा आमचा चोर ब्रेक लाइटएवढा दांडगा नव्हता. एखाद्या बारीक दिव्याएवढाच होता. दवाखान्यात डॉक्टर "ताप कधी चढतो?" असे का विचारतात, ते मला त्या दिवशी समजले.

'शॉर्ट' ह्या शब्दाने आपली थोडी फसगत होते. पूर्ण शॉर्ट झाला, म्हणजे उघडी तार सरळ बॉडीला भिडली, तर क्षणात फ्यूज उडतो, किंवा फ्यूज नसेल तर तारच लाल होते. तो दरोडा, तो लपत नाही. पण तार अर्धवट उघडी असेल, मध्ये गंज असेल, ओल असेल, तर करंट पाझरत राहतो, गळक्या नळासारखा. फ्यूज उडत नाही, दिवा पेटत नाही, आवाज होत नाही. ही भुरटी चोरी. आणि तीच जास्त फसवी.

पाच वॉटचा पहारेकरी

पितृपंधरवड्यातल्या एका रविवारी मी चाचांना घरी घेऊन आलो. त्यांनी जांभळाखाली खुर्ची मांडून घेतली. "डोळे तुमचे, डोके माझे," असे म्हणून त्यांनी मला कामाला लावले. तळमजल्याच्या गॅलरीत आई येऊन बसली. सौ.ने चहा पाठवला, पण स्वतः लांबच राहिली.

"आधी हातातली अंगठी आणि घड्याळ काढा," चाचांचा पहिला हुकूम. अंगठी बॅटरीचे टोक आणि पत्रा ह्यांच्या मध्ये सापडली तर क्षणात तापते आणि बोट भाजते. "बिडी-काडी नको. बॅटरी चार्ज होते तेव्हा हायड्रोजन निघतो. आणि पहिल्यांदा ऋण तार काढायची, शेवटी ऋण तार लावायची." ह्यामागचे कारण सोपे आहे. गाडीची सारी बॉडी ऋण टोकाला जोडलेली असते. आधी धन टोक सोडायला गेलात आणि पाना बॉडीला लागला, तर पान्यातूनच शॉर्ट! ऋण तार आधी सुटली की पाना बॉडीला कुठेही लागो, काही होत नाही. (जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांत बॉडीला धन टोक जोडलेले असे. तिथे हा नियम उलटा समजावा.)

मग चाचांनी खिशातून त्यांचे ब्रह्मास्त्र काढले. पार्किंग लाइटचा ५ वॉटचा बल्ब, होल्डरमध्ये बसवलेला, दोन तारा आणि दोन चिमटे. बस्स. एक चिमटा बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरा काढून ठेवलेल्या ऋण तारेला. आता गाडीत जाणाऱ्या करंटला ह्या बल्बातूनच जावे लागणार. सगळे बंद असताना आमच्यासारख्या बिनघड्याळाच्या जुन्या गाडीत करंट वाहायचे काही कारणच नाही. बल्ब विझलेला राहिला तर चोर नाही. मंद पेटला तर भुरटा चोर. लख्ख पेटला तर दरोडेखोर. आणि खरोखरच पूर्ण शॉर्ट असला, तरी बल्ब स्वतः पेटून करंटला आवर घालतो, त्यामुळे काही जळत नाही.

मी चिमटे लावले आणि बल्ब झकास पेटला! मी आनंदाने ओरडलो. चाचांनी कपाळाला हात लावला. "साहेब, दरवाजा उघडा आहे." छताचा दिवा पेटलेला होता. ह्या तपासात पहिला बळी नेहमी असाच जातो. दरवाजा लावला. छताचा दिवा विझला, पण बल्बातली तार निखाऱ्यासारखी लाल-नारिंगी राहिली. चोर घरात होता, आणि आम्ही त्याला प्रथमच पाहत होतो.

मी हौसेने काही शे रुपयांचे डिजिटल मीटर आणले होते. बल्बच्या जागी ते १० अँपिअरच्या खोबणीत जोडले तर आकडा आला ०.४! कागदावरचा हिशेब आणि मीटर ह्यांचे एकमत झाले. (मीटर असे जोडलेले असताना चुकूनही सेल्फ मारू नये. मीटर तिथेच संपेल.)

फ्यूज संपले, चोर नाही

ह्यापुढचे काम चिकाटीचे. बल्ब पुन्हा जोडायचा, आणि एकेक फ्यूज काढून बल्बकडे पाहायचे. ज्या फ्यूजबरोबर बल्ब विझेल, चोर त्याच गल्लीत राहतो. मग त्या फ्यूजवर चालणाऱ्या वस्तू एकेक करून सोडवायच्या. आमच्या गाडीचे फ्यूज जुन्या पद्धतीचे, चिनीमातीच्या कांडीवर बसवलेली धातूची पट्टी. पहिला काढला, बल्ब पेटताच. दुसरा, तिसरा... छताचा दिवा, हॉर्न, वायपर, हेडलाइट, सगळ्यांची झडती झाली. शेवटचा फ्यूज हातात आला तरी बल्बातला निखारा तसाच!

मी हिरमुसून चाचांकडे पाहिले. ते मात्र खुर्चीत ताठ बसले होते.

"झकास! म्हणजे चोर फ्यूजच्या अलीकडे आहे. आता किती तारा उरल्या?"

सर्वच करंट फ्यूजमधून जात नाही. ह्या गाड्यांत डायनामोची चार्जिंगची तार आणि इग्निशनची तार फ्यूजशिवाय असते. सेल्फची जाड तार तर असतेच. त्यांत पहिला संशय चार्जिंगवर. डायनामो आणि बॅटरी ह्यांच्या मध्ये 'कटआऊट' नावाचे एक दार असते. इंजिन चालू असताना डायनामोचा दाब बॅटरीपेक्षा वाढला की ते दार लागते आणि बॅटरी भरू लागते. इंजिन थांबले की दार उघडून वाट बंद व्हायला हवी. त्याचे पॉइंट चिकटून राहिले तर बॅटरी उलट डायनामोतच रिती होत राहते. नंतरच्या गाड्यांत डायनामोऐवजी अल्टरनेटर आला. तिथे डायोड खराब झाला की अशीच गळती लागते. मी कटआऊटची बॅटरीकडची तार सोडवली. बल्ब पेटताच. इग्निशनची सोडवली. पेटताच. सेल्फची सोडवली. तरी पेटताच!

आता मात्र चाचाही विचारात पडले. गाडीतल्या सगळ्या वाटा बंद केल्या होत्या, आणि तरीही कोणीतरी ये-जा करीत होते.

इतक्यात गॅलरीतून आईचा आवाज आला. "अरे, त्या टेपची तार काढलीस का?"

"कसला टेप, आई?"

"तुझ्या बाबांनी बसवला होता नाही का? महाबळेश्वरला गेलो त्या साली. मला नाट्यसंगीत ऐकायचं म्हणून."

१९८५ साल! मी विसरूनच गेलो होतो. घाट चढताना बाबांनी मुद्दाम हळू चालवलेली गाडी, पुढच्या सीटवर आई आणि डॅशबोर्डखाली नवा कोरा टेप. तो टेप १९९३ साली दादरला चोरीला गेला. चोराने काच फोडली, तार कापली आणि टेप घेऊन गेला. बाबांनी कापलेल्या टोकावर चिकटपट्टी गुंडाळून ते डॅशबोर्डच्या मागे खोचून दिले. ती तार पुन्हा कोणाच्या लक्षातही आली नाही.

काळी कडी

चाचा खुर्चीवरून उठले. "धन टोकाच्या पकडीखाली बघा. बारीक लाल तार आहे?"

होती. धुळीने ती आता लाल राहिली नव्हती, पण होती. बॅटरीच्या धन टोकाच्या पकडीत घुसवलेली, मध्ये फ्यूज नाही, काही नाही. मी ती ओढून बाहेर काढली आणि बल्बाकडे पाहिले.

बल्ब विझला.

वाचकहो, अंधार झाल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झालेला नाही!

चाचा म्हणाले, "थांबा. चोर पकडला, आता सेंध कुठे मारली ते बघा." तार बॉनेटखालून इंजिन आणि डॅशबोर्ड ह्यांच्या मधल्या पत्र्याच्या भोकातून आत गेली होती. पत्र्याच्या धारेने तार कापू नये म्हणून अशा भोकात रबराची कडी बसवतात. ती कडी उन्हापावसाने केव्हाच झडून गेली होती. चाळीस वर्षांच्या हादऱ्यांनी पत्र्याच्या धारेने तारेचे वेष्टण खाल्ले होते. तांबे उघडे पडून हिरवे झाले होते आणि पत्र्यावरच्या गंजाला टेकले होते. पावसाळ्यात तो गंज भिजे आणि गळती वाढे. तिसऱ्या दिवशी 'टक्' होई तो ह्यामुळे. गॅरेजवाल्याला दोष सापडला नाही, कारण हादऱ्याने ती तार कधी टेके, कधी सुटे.

मी आतल्या बाजूने टॉर्च मारला, आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भोकाभोवतीच्या नमद्याला रुपयाएवढी काळी कडी पडली होती. नमदा करपला होता. तो उबट वास रेक्झिनचा नव्हता.

चाचांनी हिशेब सांगितला तो सरळ होता. १२ व्होल्ट आणि ०.४ अँपिअर, म्हणजे जवळजवळ ५ वॉट. दिव्यात ते काहीच नाहीत. पण मोहरीएवढ्या जागेत रात्रंदिवस ५ वॉटची उष्णता साचली तर कोरडा नमदा करपतो. आणि एखाद्या खड्ड्याच्या हादऱ्याने ती तार पत्र्याला घट्ट भिडली असती, तर? मध्ये फ्यूज नव्हता. बॅटरीने आपली सारी ताकद त्या बारीक तारेतून ओतली असती. तार लाल झाली असती, आणि हातभर अंतरावर पेट्रोलची नळी होती.

मला ऑगस्टमधली ती रात्र आठवली. त्या रात्री गाडी सुरू झाली नाही म्हणून मी तिला शिव्या दिल्या होत्या. मागे आई होती, सौ. होती आणि पार्ल्यापासून इस्पितळापर्यंतचा रस्ता खड्ड्यांनी भरलेला होता.

दुरुस्ती

ह्या सगळ्या उपद्व्यापाची दुरुस्ती अर्ध्या तासात झाली. मेलेली तार संपूर्ण ओढून काढली. नुसते टोक गुंडाळून ठेवायचे नाही, हा चाचांचा दंडक होता. नमदा कापून टाकला, गंज घासून पत्र्याला रंग लावला, भोकाला नवी रबरी कडी बसवली. बॅटरीच्या डोक्यावर धूळ आणि आम्लाचा ओलसर थर होता. बुचे घट्ट लावून तो खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतला, कारण त्या थरातूनही धन टोकाकडून ऋण टोकाकडे थोडा करंट पाझरतो. इंजिन आणि बॉडी ह्यांना जोडणारी विणलेली पट्टी घासून स्वच्छ केली. ती गंजली की बॅटरी भरलेली असूनही सेल्फ ढिम्म हलत नाही आणि आळ मात्र पुन्हा बॅटरीवरच येतो. हा सगळा सामान दोनशे रुपयांच्या आत आला. चाचांनी पैसे घेतले नाहीत. आईच्या हातची साखरभात-पुरी मात्र आवडीने खाल्ली.

दुसऱ्या दिवशी बॅटरी चार्ज करून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी मीटरवर १२.६ व्होल्ट. भरलेल्या बॅटरीचा विश्रांतीतला आकडा हाच. १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग तारा लावून गाडी आठ दिवस हलवली नाही. पाऊस येऊन गेला. आठव्या दिवशी आकडा होता १२.५!

ज्यांच्या दारात आजच्या काळातली गाडी आहे त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. त्या गाड्यांत घड्याळ, कुलूप आणि संगणक सदैव जागे असतात आणि बंद गाडीतही काही मिलिअँपिअर करंट चालूच असतो. तिथे बल्बाचा प्रयोग न करता मीटर वापरावे, तेही जाणत्या माणसाकडून. साधारण ५० मिलिअँपिअरपर्यंतचा आकडा चोरीत धरू नये. पण नियम तोच: बॅटरीवर आरोप शेवटी, आणि पहिला संशय नंतर बसवलेल्या वस्तूंवर. टेप, जादा हॉर्न, फॉग लाइट, चोरघंटा. कारखान्याने घातलेली तार बहुधा विचार करून घातलेली असते. नाक्यावर घातलेली घाईत घातलेली असते. नवे काही बसवायचेच असेल, तर बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज घालायला सांगा. आणि काही काढून टाकाल, तेव्हा त्याची तारही काढा.

बाबांनी ती काढली नाही. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. तार लावली तेव्हा त्यांच्या मनात फक्त घाटातले नाट्यसंगीत होते.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी गाडी पुसून ठेवली. सौ. पूजेचे ताट घेऊन बाहेर आली, तिने बॉनेटवर हळदकुंकू वाहिले आणि मला म्हणाली, "मग? भंगारवाल्याला काय सांगायचं?"

मी उत्तर देण्याआधीच आई काठी टेकत आली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. "जुहूपर्यंत जाऊन येऊ," ती म्हणाली. "हळू चालव."

मी किल्ली फिरवली. आवारात पणत्या लागल्या होत्या, कोठेतरी फटाके वाजत होते. त्यामुळे इंजिन सुरू झाल्याचा आवाज बाहेर कोणालाच ऐकू गेला नसेल. आम्हा तिघांना मात्र तो स्पष्ट ऐकू आला.